दादांच्या ऑपरेशनचा कागद

वडिलांची लघवी अडली आहे, हे मला त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं.

शनिवार होता, सकाळची शाळा. आमच्या तेरपासून तासाभराच्या चालीवर एका लहान गावात मी प्राथमिक शिक्षिका होते. नोकरीला तीन वर्षं झाली होती. दुपारी घरी आले तर म्हातारी आमच्या उंबऱ्यावर बसलेली. मला बघून उठली आणि आवाज खाली करून म्हणाली, "तुझा बा सकाळधरनं गोदामाच्या मागं जातोय अन् तसाच माघारी येतोय. धा खेपा झाल्या आसतील. तुला सांगायची गोष्ट न्हाय ही, पर घरात दुसरं हाय कोण? त्याला लघवी हुईना झालीया."

आत दादा बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. वडिलांना मी दादा म्हणत असे. थंडीचे दिवस होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"काय होतंय दादा?"

"काय न्हाय. पोट धरलंय. तू जेव जा."

ते कुशीवर वळायला गेले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बेंबीखाली धोतराच्या आत काहीतरी फुगून वर आलं होतं, पालथ्या तांब्याएवढं. मला वाटलं पोटात मोठी गाठ झालीय, आणि आई जशी चार दिवसांत गेली तसे हेही जाणार.

आई मी शिक्षिका व्हायच्या आधीच गेली होती. भाऊ नव्हता. घरात आम्ही दोघंच. दादा गावच्या सोसायटीच्या गोदामावर राखणदार होते. दुष्काळात तिथं अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीची, मिलोची, पोती यायची, नंतर खताची यायला लागली. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलणं मोजकं. तरुणपणी वस्तीतल्या रात्रीच्या वर्गात ते अक्षरं शिकले होते आणि पोत्यांवरचे शिक्के वाचून वाचून त्यांचं वाचन पक्कं झालं होतं.

त्यांना त्रास होता, हे दिसत होतं. दोन वर्षं तरी दिसत होतं. रात्रीतून चार-चार वेळा उठायचे. निवडुंगाच्या आडोशाला गेले की इतका वेळ लागायचा की मी चहा पुन्हा चुलीवर ठेवायची. दुष्काळात सगळेच पाणी जपून प्यायचे, तेव्हाची सवय म्हणून ते अजून अर्धाच तांब्या पितात, असं मी समजत होते. बाप आणि वयात आलेली मुलगी या विषयावर बोलत नाहीत. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

म्हातारीनं घरातली वाळलेली पळसाची फुलं आणली. ती उकळून, फडक्यात बांधून ओटीपोटावर शेक द्यायचा. शेक मीच दिला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पाऊण तास गेला. ते भिंतीला धरून बाहेर गेले, दात आवळून परत आले आणि बाजेवर न बसता जमिनीवरच बसले.

"दादा, धाराशिवला दवाखान्यात जाऊ."

"न्हाय." एवढ्या वेदनेतही शब्द पक्का. "दवाखान्यात म्या येणार न्हाय. मरू दे हितंच."

ते असं का म्हणतात ते मला कळलं, असं मला वाटलं. त्या वर्षी आमच्या भागातला प्रत्येक पुरुष सरकारी दवाखान्याला भीत होता. आणीबाणीचं दुसरं वर्ष. नसबंदीची मोहीम चालली होती. गावाच्या वेशीवर जीप दिसली की माणसं ज्वारीच्या रानात जाऊन बसत, भाकरी तिकडंच मागवत. तरुण, म्हातारा काही बघत नाहीत असं लोक बोलत. दादांनाही तीच भीती असणार, इतकंच मी धरून चालले.

मी पळत सोसायटीच्या सेक्रेटरींकडं गेले. ते दादांच्याच वयाचे, दादांशी अनेक वर्षांचा घरोबा. मी त्यांना काका म्हणायची. सोसायटीचा ट्रॅक्टर खत आणायला धाराशिवला निघायचा होता.

"येतो म्हणत न्हायत ना?" काका म्हणाले. "मग असं कर. वैद्याकडं नेतो म्हणून सांग. पुढच्या गावात गोखरूचा काढा देणारा हाय, त्याला म्हाईत हाय तो. त्येच्याकडं म्हणल्यावर येईल."

मी घरी येऊन तसं सांगितलं. आयुष्यात दादांशी मी क्वचितच खोटं बोलले असेन. ते लगेच उठले.

ट्रॉलीत रिकाम्या बारदानावर त्यांना निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. काका ड्रायव्हरजवळ बसले. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला दादांची बोटं माझ्या मनगटात रुतत. मी ड्रायव्हरला ओरडून हळू म्हणायची, आणि तो हळू चालवायला लागला की वेळ जातोय म्हणून जीव घाबरा व्हायचा. पोट फुटतं का हो माणसाचं? हे मला कुणाला तरी विचारायचं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं.

वैद्याच्या गावाचा फाटा आला आणि ट्रॅक्टर सरळ पुढं गेला. दादांनी मान उचलली. फाट्यावरचा लिंब मागं जाताना त्यांनी पाहिला.

"थांबवा!" ते ओरडले. "ए, थांबव ट्रॅक्टर!"

ते उठून ट्रॉलीच्या फाळक्याकडं सरपटायला लागले. मी त्यांना कमरेला धरलं. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला. काका खाली उतरून मागं आले.

"दादा, उतरू नका. दवाखान्यात नेलं नाही तर तुम्ही जगायचे नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या वडिलांनी माझ्याकडं असं कधीच बघितलं नव्हतं. सावज कुत्र्याकडं बघतं तसं.

"म्या वाचलाय तुझा कागद," ते म्हणाले.

"कोणता कागद?"

"पेटीतला. दोन माणसं पायजेत तुला. व्हय का न्हाय? न्हाय दिली तर तुझी बदली हुईल, पगार थांबंल. वाचलाय म्या. दोन पायजेत. त्यातला पयला म्या हाय का?"

मी त्यांच्या कमरेवरचा हात काढून घेतला.

कागद खरा होता. पंचायत समितीच्या हॉलमध्ये शिक्षकांची बैठक झाली होती. साहेबांनी उभं राहून सांगितलं होतं की जानेवारीअखेर प्रत्येकानं नसबंदीच्या दोन केसेस द्यायच्या, सबब चालणार नाही. मग प्रत्येकाच्या हातात नाव घातलेला एकेक कागद दिला. मी लग्न न झालेली पोर. मी कुणाच्या दारात जाऊन कुणाला काय समजावणार होते? कागद मी पेटीत साड्यांखाली घातला आणि रोज त्याच्या भीतीनं शाळेत जात राहिले. दादांना सांगितलं नाही, कारण त्यांना काळजी लागेल. त्यांना तो कधी सापडला, कुणास ठाऊक. तेव्हापासून ते माझ्यासमोर दुखणं लपवत होते. मला लाजून नव्हे, मला भिऊन.

"न्हाय हो दादा," एवढंच मी म्हणू शकले. "आईशपथ न्हाय."

काका ट्रॉलीत चढले. दादांच्या शेजारी बारदानावर बसले. "माझ्याकडं बघ," ते म्हणाले. "म्या येतो तुझ्यासंगं आत. तुझ्या खाटंपशी उभा राहतो. कुणी कापायला हात लावला तर तो हात म्या धरंन. आता झोप."

दादा झोपले नाहीत. वेदनेनंच आडवे झाले. पुढचा सगळा रस्ता त्यांनी डोकं माझ्या मांडीवर ठेवलं नाही, काकांच्या धोतरावर ठेवलं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोटावर हात ठेवला, बोटांनी वाजवून पाहिलं आणि लगेच सिस्टरला नळी आणायला सांगितली. मला हिरव्या पडद्याबाहेर उभं केलं. काका आत राहिले. पहिली नळी जाईना. दादांचा आवाज आला, मग डॉक्टरांचा, "सोडा, अंग ढिलं सोडा, श्वास घ्या." मी पडद्याचा काठ मुठीत धरून उभी. दुसरी नळी बारीक आणली. थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग एनॅमलच्या भांड्यात धार पडायला लागली.

ती पडतच राहिली. डॉक्टर मध्येच नळी दाबून बंद करायचे, थोडं थांबून पुन्हा सोडायचे. एकदम सगळं रिकामं केलं तर चक्कर येईल, रक्त पडेल, असं सिस्टरला सांगत होते. आत दादा रडत होते. मोठ्यानं, लहान मुलासारखे. मला वाटलं दुखतंय म्हणून. काकांनी नंतर सांगितलं की सुख वाटलं म्हणून.

मग दादांचा प्रश्न ऐकू आला. "झालं का? कापलं का?"

"काय कापायचं, आजोबा?" डॉक्टर म्हणाले. "नुसती नळी घातलीय."

संध्याकाळ व्हायच्या आत डॉक्टरांनी विचारलं, पेशंटबरोबर घरचं पुरुषमाणूस कोण आहे? काका म्हणाले मी दोस्त आहे, घरची ही मुलगीच. डॉक्टर अवघडले. मग त्यांनी केस पेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं चित्र काढलं. बोलताना ते माझ्याकडं न बघता चित्राकडंच बघत होते, त्यानं मलाही सोपं गेलं.

"ही लघवीची पिशवी. तिच्या तोंडाशी, नळीभोवती, पुरुषांना एक गाठ असते. जन्मापासूनच असते. पौरुषग्रंथी, प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणी सुपारीएवढी. वय झालं की ती वाढते. यांची लिंबाहून मोठी झालीय. मधली वाट दाबली गेली. आधी धार बारीक होते, रात्री उठावं लागतं, आणि एक दिवस सगळं बंद."

"कॅन्सर असतो का?" हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडानं उच्चारला.

"बोटानं तपासून तरी तसं वाटत नाही. पण गाठ काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही."

"गोळ्या, इंजेक्शन?"

"गोळ्यांनी ही गाठ जात नाही. काढ्यानंही नाही." मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. नळी तशीच ठेवून जगता येतं, दर काही आठवड्यांनी बदलायची. पण जंतू शिरतात, ताप येतो, आणि माणूस नळीचा होऊन जातो. दुसरी वाट म्हणजे दोनदा ऑपरेशन. आधी पोटाला भोक पाडून तिथून लघवी काढायची, तब्येत सुधारली की दुसऱ्यांदा गाठ काढायची. फार अशक्त माणसाला हेच करतात. तब्येत बरी असेल तर एकाच वेळी पोट उघडून गाठ काढून टाकायची, ते सोलापूरला चांगलं होतं. "आणि आता दुर्बिणीनं, पोट न कापता, लघवीच्या वाटेनंच आत जाऊन गाठ खरवडून काढतात. पण त्यासाठी मुंबईला जावं लागेल, नंबर लागेपर्यंत थांबावं लागेल."

"तुमच्या वडिलांचं असतं तर काय केलं असतं?"

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "सोलापूर. पण आत्ता नाही. लघवी तुंबून रक्तात घाण साठलीय. किडन्या सुधारू देत. नळी दोन-तीन आठवडे राहील, मग पाठवतो."

ते आठवडे मी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. शाळेत रजेचा अर्ज पाठवला. हेडमास्तरांचा निरोप आला की रजा मंजूर आहे, पण जानेवारीअखेरची मुदत लक्षात ठेवावी. दादा माझ्याशी बोलत होते, भाकरी खात होते, पण कुणी पांढऱ्या कपड्यातलं खाटेजवळ आलं की त्यांचा हात धोतराच्या गाठीवर जायचा.

सोलापूरला आम्ही एसटीनं गेलो. नळी मांडीला चिकटपट्टीनं लावलेली, बाटली कापडी पिशवीत, पिशवी दादांच्या पायाशी. वर मी शाल टाकली होती. तुळजापूरला बस भरली. तामलवाडीच्या थांब्यावर एक पांढरी जीप उभी होती. बसमधलं बोलणं एकदम थांबलं. समोरचा माणूस सीटवरून घसरून खाली बसला. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडायचा थांबला. दादांनी पायानंच पिशवी आत ओढली आणि माझा दंड धरला. त्या ट्रॉलीनंतर त्यांनी पहिल्यांदाच मला धरलं. मी त्यांच्यावर अंग टाकून बसले, जणू माझ्याआड ते दिसणार नाहीत. जीपमधून दोन माणसं उतरली, टपरीवर चहा प्याली आणि गेली. बस सुटली तेव्हा समोरचा माणूस पुन्हा सीटवर चढून बसला.

सोलापूरचे सर्जन वयस्क होते, बोलणं तुटक. तपासण्या झाल्या, रक्त ठीक निघालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. भूल कमरेतून देणार, बेंबीखाली चीर, रक्ताच्या दोन बाटल्या तयार पाहिजेत. मग सहज म्हणाले, "आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या बीजाच्या नळ्या बांधून टाकतो. नाहीतर जंतू त्या वाटेनं खाली उतरतात आणि वृषण सुजतं. फार त्रास होतो म्हाताऱ्यांना. म्हणजे नसबंदीचीच क्रिया. पद्धतच आहे ती."

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे. आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार दादांचा आला नाही. पहिला विचार आला, एक केस झाली.

तो विचार क्षणभर होता. पण मी तो ओळखला, आणि व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. ट्रॉलीत दादा म्हणाले होते, त्यातला पहिला मी आहे का. आता खरंच तसं होणार होतं. न सांगता सही घेतली असती तर त्यांना कळलंही नसतं. चीर तर पडणारच होती. सांगितलं तर ते खाटेवरून उठून नळीसकट चालू लागतील, आणि तसं केलं तर मरतील. मला दोन्हींची भीती वाटत होती. तिसरी भीती ही की बोलताना माझ्या चेहऱ्यावर त्यांना तो पहिला विचार दिसेल.

मी आत गेले आणि सगळं सांगितलं. जसं डॉक्टर बोलले तसं, नसबंदी हा शब्दही न गाळता.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टरला बोलीव."

सर्जन राऊंडला आले तेव्हा दादा उशीला टेकून बसले होते. "सायेब, ते नळ्या बांधायचं. न्हाय बांधल्या तर गाठ निघंल का?"

"निघेल. पण मागून सूज आली, पू झाला, तर पुन्हा पडून राहावं लागेल."

"ह्या पोरीनं तुमाला सांगितलं का तसं करायला?"

सर्जन चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. खाटेच्या लोखंडी कडेवर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, ही मोहीम येण्याच्या फार आधीपासून मी हे ऑपरेशन असंच करतोय. माझ्या गुरूंनी असंच शिकवलंय. मुलीला तर मी आज सांगितलं. नको असेल तर नाही बांधणार, तुम्ही म्हणाल तसं."

दादांनी मान हलवली. "बांधा."

सर्जन गेल्यावर एक कारकून फॉर्म घेऊन आला. ऑपरेशनच्या संमतीचा एक आणि नसबंदीचा वेगळा. दादांनी दोन्हींवर सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. दुसऱ्या फॉर्मवर खाली एक रकाना होता, प्रवर्तकाचं नाव. म्हणजे केस कुणी आणली.

"बाई, तुम्ही शिक्षिका ना?" कारकून म्हणाला. "मग लिहा की तुमचं नाव. एक तरी सुटेल तुमची."

मी दादांकडं बघितलं. ते म्हणाले, "मग तुझी एक झाली की गं."

ते कसं म्हणाले हे मला अजून सांगता येत नाही. टोमणा होता की देणं होतं? आवाज सपाट होता. त्यांच्या हयातीत मी ते विचारलं नाही. त्या वेळी मी कारकुनाला म्हटलं, "माझं नाव नको." तो खांदे उडवून कागद घेऊन गेला. त्या रकान्यात पुढं कुणाचं नाव पडलं, ते मी बघितलं नाही. मी मोठं मन दाखवलं असं नाही. ट्रॉलीतला त्यांचा प्रश्न कानात असताना ते नाव लिहवलंच नसतं, एवढंच.

रक्ताची एक बाटली माझी जुळली, दुसरी काकांची. ते त्यासाठी तेरहून आले होते. ऑपरेशन चाललं तेव्हा आम्ही बाकावर बसलो होतो. काका तंबाखू मळायचे आणि तोंडात न टाकता पुन्हा डबीत ठेवायचे. दोन तासांनी दादांना बाहेर आणलं. ते जागे होते, ओठ पांढरे, दात वाजत होते. पोटातून एक नळी, खालून एक नळी, आणि बाटलीत लालभडक रक्त. मी इतकं रक्त पाहिलं नव्हतं. सिस्टर म्हणाली, असंच असतं, हळूहळू फिकं होईल. मी बाटलीवरची नजर काढली नाही. लाल कमी झालं असं वाटायचं, मग पुन्हा वाटायचं की नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीत थेंब पडायचे थांबले. दादा चुळबूळ करायला लागले, मग कण्हायला लागले. तोच आवाज, बाजेवरचा. पोट पुन्हा वर येत होतं. मी धावत सिस्टरकडं गेले, मला वाटतं मी ओरडले. सिस्टर आणि एक डॉक्टर आले, मोठ्या सिरिंजनं नळीत पाणी मारलं, ओढलं, पुन्हा मारलं. काही येईना. दादांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, आता न्हाय गं निभत." त्यांच्या नजरेत त्या वेळी संशय नव्हता, नुसती भीती होती, माझ्यात होती तेवढीच. मग काळ्या रक्ताची एक लांब गुठळी सिरिंजमध्ये आली, तिच्यामागं आणखी दोन, आणि नळी वाहू लागली. डॉक्टर म्हणाले, गुठळीनं नळी तुंबली होती. मी खाटेशेजारी जमिनीवर बसले ती बराच वेळ उठले नाही.

त्यानंतर रंग उतरत गेला. लाल, मग गुलाबी, मग धुण्याच्या पाण्यासारखा. पोटातली नळी आधी काढली. नवव्या दिवशी खालचीही काढली. सिस्टर म्हणाली, आता भरपूर पाणी प्या आणि लागली की जा. दोन तास लागलीच नाही. मग दादा उठले. मी मोरीपर्यंत धरून नेलं आणि दाराबाहेर थांबले. आत शांतता. वॉर्डातली भांडी वाजत होती, कुणीतरी खोकत होतं, आणि मी कान दाराला लावून उभी होते. दहा माणसांसमोर, शिक्षिका असून. मग आवाज आला. जाड, सलग धार. आतून दादा म्हणाले, "व्हायलीय गं." मी म्हटलं, "ऐकतेय दादा."

गाठीचा रिपोर्ट यायला आणखी आठवडा लागला. तो आठवडा मला ऑपरेशनपेक्षा जड गेला. साधी गाठ, कॅन्सर नाही, असा रिपोर्ट आला.

आम्ही तेरला परतलो तेव्हा निवडणुका जाहीर झाल्या होत्या आणि जीपा यायच्या थांबल्या होत्या. पण माझी बदलीची ऑर्डर आधीच निघाली होती. येरमाळ्याकडच्या एका गावात. ती कुणी रद्द केली नाही आणि मीही अर्ज केला नाही. दादांना दोन-अडीच महिने थेंब थेंब गळायचं, ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते धोतराच्या आत फडकं ठेवायचे आणि पहाटे स्वतः धुवायचे. जायच्या आदल्या दिवशी मी बादलीतली फडकी धुवायला घेतली. त्यांनी हातातून ओढून घेतली नाहीत. शेजारी बसून पिळायला मदत केली.

पेटीतल्या कागदाचं बोलणं आमच्यात पुन्हा निघालं नाही. मी त्यांना माफ केलं की त्यांनी मला, हा हिशेब झालाच नाही. एक मात्र झालं. त्यानंतर अकरा वर्षं ते होते, आणि दर शनिवारी मी एसटीनं घरी यायची. दादा गोदामाच्या पायरीवर बसलेले असत, कधी काका, कधी खताला आलेली दोन-चार माणसं. पहिल्या शनिवारी मी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, लघवी साफ होतीय ना?"

माणसं जमिनीकडं बघायला लागली. दादांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "होतीय. रात्री एकदाच उठलो."